खाणीपर्यंत जाणारी कार्यशाळा : दुरुस्ती ट्रकचा हौदा कसा बांधतात?

कोळशाच्या खुल्या खाणीत किंवा महामार्गाच्या कामावर एखादा एक्स्कॅव्हेटर बंद पडल्यास तो कार्यशाळेत नेणे सहसा शक्य नसते. साखळीपट्ट्यांवर चालणारे हे यंत्र ताशी जेमतेम चार-पाच किलोमीटर वेगाने सरकते आणि लांबवर चालवल्यास त्याच्या साखळ्या व रोलर झिजतात. त्यामुळे कार्यशाळाच यंत्रापाशी न्यावी लागते. सिंगरौली, कोरबा किंवा चंद्रपूरसारख्या खाणपट्ट्यांत दुरुस्ती ट्रकचे काम हेच असते.

अशा ट्रकच्या बांधणीची सुरुवात वजनाच्या हिशेबाने होते. २०१८ मध्ये सुधारलेल्या मर्यादेनुसार दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १८.५ टनांपर्यंत असू शकते. पुढील आसावर ७ टन आणि मागील आसावर ११.५ टन. क्रेन, काँप्रेसर, जनरेटर, तेलाच्या टाक्या आणि सुटे भाग हे सारे यातच बसवावे लागते. एक हजार लिटर डिझेलचेच वजन सुमारे ८३० किलो भरते. शिवाय मालवाहू ट्रक परतताना रिकामा असतो, दुरुस्ती ट्रक मात्र बहुतेक वेळ भरलेलाच धावतो. म्हणून जड वस्तू खाली व दोन आसांच्या दरम्यान ठेवतात. सारा भार मागे गेल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरचा ताबा कमी होतो.

सर्वाधिक काळजी क्रेनची घ्यावी लागते. तिची क्षमता केवळ टनांत सांगणे अपुरे, किंबहुना फसवे असते. ३ टन-मीटर क्षमतेची क्रेन खांबापासून ३ मीटरवर १ टन उचलते. ६ मीटरवर तीच क्षमता अर्ध्या टनावर येते, आणि बूमचे स्वतःचे वजन धरल्यास त्याहूनही खाली. यंत्राजवळ पोहोचता यावे म्हणून क्रेन बहुधा हौद्याच्या मागील कोपऱ्यात बसवतात. साहजिकच चासीला पीळ बसतो. तो पेलण्यासाठी चासीवर पोलादी उपचौकट टाकून तिच्यावर क्रेन उभारतात. आउटरिगर टेकवतानाही त्यांच्याखाली जाड फळ्या किंवा पत्रे हवेत, कारण खाणीतील भरावाची माती दबते. अशा वेळी ट्रक कलंडल्यास शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

उपचौकट चासीला थेट वेल्ड करण्याचा मोह अनेक गॅरेजांत होतो. उष्णतेने चासीचे पोलाद त्या जागी कमकुवत होते आणि पुढे तेथेच तडा जातो. उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी बोल्ट वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय. हौद्यावर इतरत्र वेल्डिंग करण्यापूर्वीही बॅटरीच्या तारा आणि इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकाची जोडणी सोडवावी लागते.

ॲसिटिलीनचे नळकांडे उभेच बांधावे लागते. हा वायू आतील ॲसिटोन द्रवात विरघळवलेला असतो. नळकांडे आडवे ठेवून वापरल्यास तो द्रव झडपेतून बाहेर येतो. नळकांड्यांचा कप्पा हवेशीर आणि डिझेलच्या टाकीपासून दूर असावा. रोज लागणारे पाने, ग्रीसचा पंप आणि हायड्रॉलिक होजची जोडणी करणारे यंत्र उभ्या माणसाच्या हाताशी येईल अशा उंचीवर ठेवतात. फुटलेली होज ही जागेवर करावयाची नेहमीची दुरुस्ती असल्याने या यंत्राला चांगली जागा द्यावी. काढलेल्या जुन्या तेलासाठी स्वतंत्र टाकी हवीच.

राहिला कायद्याचा भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे जुन्या मालवाहू ट्रकवर क्रेन चढवण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी लागते. बांधून तयार झालेला ट्रक वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसाचा भार वेगवेगळा मोजावा; कागदावरील हिशेबाशी तो न जुळल्यास टाक्यांची जागा त्याच वेळी बदलता येते.