सात तटांमागचं पुरोहितांचं राज्य

विस्तीर्ण मैदानात एक टेकडी. तिच्याभोवती एकाच्या आत एक असे सात तट, प्रत्येकाला एकेका ग्रहाचं नाव. चार दिशांना चार दरवाजे आणि त्यांतून वर चढत जाणारे चार रस्ते. पहिला तट पडला तरी शत्रूला दुसऱ्यापाशी पुन्हा पहिल्यापासून लढावं लागेल. हे नगर घ्यायचं तर ते सात वेळा जिंकावं लागेल. माथ्यावर वर्तुळाकार मंदिर आहे. त्याला भिंती नाहीत, नुसत्या खांबांवर घुमट तोललेला आहे. वेदीवर मूर्ती नाही. तिथं दोन मोठे गोल ठेवलेत, एक आकाशाचा आणि एक पृथ्वीचा. घुमटाच्या आतल्या अंगाला तारे रंगवलेत, नावांसकट. आणि सात दिवे अखंड तेवताहेत, सात ग्रहांचे.

ही सूर्यनगरी. पृथ्वीच्या पाठीवर ती कुठंच नव्हती. १६०२ साली नेपल्सच्या तुरुंगात तोम्माझो काम्पानेल्ला नावाच्या डॉमिनिकन साधूनं ती इटालियन भाषेत कागदावर उतरवली. जिनोआचा एक खलाशी, कोलंबसाच्या जहाजाचं सुकाणू धरणारा, आपण काय पाहिलं ते एका धर्मयोद्ध्याला सांगतो आहे, असा हा संवाद. खलाशी तप्रोबाने बेटावर उतरतो, तिथल्या लोकांच्या भीतीनं जंगलात शिरतो आणि बाहेर पडतो तो थेट विषुववृत्ताखालच्या त्या मैदानात. तप्रोबाने हे प्राचीन ग्रीकांनी श्रीलंकेला दिलेलं नाव. काम्पानेल्लाच्या काळात काही नकाशेकार ते सुमात्राला लावायचे. त्याहून आपल्याला थबकवणारी गोष्ट पुढं आहे. या नगरातली माणसं मूळची भारतातली. मुलूख उद्ध्वस्त करणाऱ्या जुलमी लोकांपासून पळून आलेली, आणि यापुढं सगळ्यांनी मिळून तत्त्वज्ञांसारखं जगायचं असं ठरवून इथं वसलेली.

हे लिहिणारा माणूस कोण होता, ते आधी पाहायला हवं. इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात, १५६८ साली तो जन्मला. बाप जोडे शिवणारा, निरक्षर. हुशार पोराला शिकायचं तर मठाशिवाय वाट नव्हती, म्हणून कोवळ्या वयातच त्यानं साधूची वस्त्रं घेतली. कॅलाब्रियावर तेव्हा स्पेनची सत्ता होती. ताऱ्यांच्या हिशेबानं १६०० साली जगाची उलथापालथ होणार, अशी काम्पानेल्लाची खात्री होती. १५९९ मध्ये स्पॅनिश राजवट उलथून तिथं लोकराज्य आणायचा कट उघडकीस आला, आणि त्याचा म्होरक्या म्हणून तो पकडला गेला. राजद्रोह आणि पाखंड, दोन्ही आरोप. म्हणजे मरण ठरलेलं. त्यानं वेडाचं सोंग घेतलं. ते सोंग आहे की खरं, हे तपासायला जून १६०१ मध्ये त्याला सुमारे चाळीस तास टांगून, झोपू न देता छळलं. तो बधला नाही. वेड्याला पश्चात्ताप करता येत नाही, आणि पश्चात्तापाची संधी न देता मारलं तर त्याच्या आत्म्याचा नाश मारणाऱ्याच्या माथी, असं तेव्हाचं धर्मशास्त्र सांगायचं. त्यामुळे फाशी टळली, जन्मठेप झाली. नेपल्सच्या किल्ल्यांमध्ये त्यानं जवळजवळ सत्तावीस वर्षं काढली.

ज्या धर्मसत्तेनं आणि राजसत्तेनं मिळून या माणसाची हाडं मोडली, त्या दोघींना एकाच आसनावर बसवून त्यानं आपलं आदर्श राज्य रचलं. मला सर्वात थक्क करतं ते हे. पुरोहितांच्या हाती सत्ता नको, असं तो म्हणत नाही. खरा पुरोहित कसा असावा, हे तो सांगत सुटतो.

नगराचा प्रमुख म्हणजे होह. तोच मुख्य पुरोहित, तोच राजा. सगळे वाद अखेर त्याच्यापाशी मिटतात. त्याच्या हाताखाली तिघं: पोन, सिन आणि मोर, म्हणजे सामर्थ्य, ज्ञान आणि प्रेम. सामर्थ्याकडे युद्ध आणि तह. ज्ञानाकडे सगळी शास्त्रं, आणि जितकी शास्त्रं तितके त्याचे अधिकारी: ज्योतिषी, भूगोलज्ञ, गणिती, इतिहासकार, कवी, वैद्य, व्याकरणकार. प्रेमाकडे संतती, शिक्षण, औषधं, शेती, अन्न, वस्त्र. या तिघांच्या हाताखाली प्रत्येकी तीन, म्हणजे होह धरून तेरा जण दर आठवड्याला बसतात आणि कारभार पाहतात. त्याखेरीज जितके सद्गुण तितके अंमलदार: औदार्य, धैर्य, न्याय, उद्योग, कृतज्ञता, सत्य. लहानपणी ज्या मुलात जो गुण उठून दिसतो, त्याला पुढं त्या गुणाचं पद मिळतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला वीस वर्षांवरचे सगळे स्त्री-पुरुष सभेला जमतात. नगरात काय कमी आहे, कोणता अधिकारी नीट काम करतो, कोणता करत नाही, हे प्रत्येकाला विचारलं जातं. खालचे अधिकारी लोकांच्या इच्छेनं बदलता येतात. वरचे चौघे मात्र नाहीत.

होह व्हायला वय किमान पस्तीस हवं. लिहिणारा तेव्हा चौतिशीच्या आसपास होता, ही गोष्ट मला विसरता येत नाही. होहला सगळ्या राष्ट्रांचे इतिहास, विधी आणि कायदे ठाऊक हवेत. गणित, वैद्यक, ज्योतिष, ईश्वरशास्त्र हवं. आणि सगळे हातव्यवसायसुद्धा. लोहाराचं, चित्रकाराचं काम कळत नाही तो इथं धर्मगुरू होऊ शकत नाही. पंडिताला राज्य करता येतं का, अशी शंका धर्मयोद्धा काढतो. खलाशी नगरातल्या लोकांचंच सडेतोड उत्तर ऐकवतो: तुम्ही ज्याला पंडित म्हणता त्यानं व्याकरण आणि ॲरिस्टॉटल घोकलेला असतो, वस्तूंऐवजी शब्दांशीच त्याचा संबंध येतो. आमचा होह निदान इतकं जाणतो की तो क्रूर होऊच शकत नाही. होहचं पद तहहयात आहे, पण एका अटीवर. त्याच्याहून शहाणा माणूस सापडला की त्यानं आपणहून उठायचं आणि त्याला बसवायचं.

आणि असा शहाणा माणूस सापडावा याची सोय नगराच्या भिंतींवर आहे. हे तट म्हणजेच पाठ्यपुस्तक आहे. सर्वात आतल्या तटावर गणिताच्या आकृत्या, युक्लिड आणि आर्किमिडीजनं शोधल्या त्याहून जास्त. त्याच्याच दुसऱ्या अंगाला पृथ्वीचा नकाशा आणि देशोदेशींच्या लिप्या. दुसऱ्यावर खनिजं, रत्नं, नद्या, समुद्र, मद्यं, तेलं, आणि खऱ्याखुऱ्या द्रवांच्या कुप्या भिंतीत बसवलेल्या. मग वनस्पती आणि मासे, पक्षी आणि सरपटणारे जीव, चतुष्पाद प्राणी. सहाव्यावर अवजारं, यंत्रं, ती शोधणारी माणसं, आणि जगभरचे धर्मसंस्थापक नि कायदे करणारे. तिसरं वर्ष लागलं की मुलं या भिंतींच्या कडेकडेनं फिरत अक्षरं शिकतात. सातव्या वर्षापर्यंत अनवाणी, डोकं उघडं. त्यानंतर त्यांना कारखान्यांत नेतात: चांभारकाम, स्वयंपाक, धातुकाम, सुतारकाम. कुणाचा ओढा कुठं आहे ते पाहायचं. दहाव्या वर्षापर्यंत खेळता खेळता सगळ्या शास्त्रांची ओळख झालेली असते. विद्या पोथीत बांधून देवघरात ठेवली तर पुरोहिताची सत्ता वाढते. इथं ती रस्त्यावर मांडलेली आहे, जाता-येता कुणीही वाचावी अशी.

या राज्यात वर्ग आहेत का? आहेत, पण ते वयाचे आणि गुणांचे. गुलाम नाहीत, नोकरही नाहीत. गुलाम ठेवले की ठेवणाऱ्याचीच नीती सडते, असं तिथं मानतात. पंगतीत वाढण्याचं काम विशीच्या आतल्या मुलामुलींचं. कष्टाचं काम जितकं जास्त, तितका मान मोठा. युरोपात कारागिराला हलकं लेखतात आणि काहीच न करता नोकर बाळगणाऱ्याला कुलीन म्हणतात, याचं त्या लोकांना हसू येतं. जोडे शिवणाऱ्याच्या मुलानं हे लिहिलंय. नेपल्समध्ये पाच-सहा माणसांत एक जण राबतो आणि राबून राबून मरतो, बाकीचे आळसानं सडतात, असा हिशेब तो मांडतो. सूर्यनगरीत सगळे राबतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाचे चारच तास येतात. उरलेला वेळ वाचायला, वाद करायला, खेळायला. अपंग माणूसही बिनकामाचा नाही. लंगडा डोळ्यांनी पहारा करतो, आंधळा लोकर पिंजतो.

मालमत्ता कुणाचीच नाही. घरं दर सहा महिन्यांनी बदलतात. कुणी कुठं राहायचं ते अधिकारी ठरवतात. पेरणीचा दिवस ज्योतिषी काढून देतात, आणि त्या दिवशी ढोल-तुताऱ्यांच्या गजरात सगळं गाव शस्त्रं घेऊन शेतावर जातं, काही तासांत काम उरकून परततं.

हा मुहूर्त काढणाऱ्यांची वस्ती देवळाच्या माथ्यावर आहे. तिथं चोवीस पुरोहित राहतात. मध्यरात्री, सकाळी, दुपारी, संध्याकाळी ते स्तोत्रं गातात, यंत्रांनी तारे मोजतात, आकाशात काय बदललं ते लिहून ठेवतात. होह बहुधा यांच्यातूनच निवडला जातो. पेरणी, कापणी, द्राक्षांची तोडणी, सगळ्यांच्या वेळा तेच सांगतात. मूल कधी व्हावं, हेसुद्धा.

इथून पुढं माझा श्वास अडखळतो. स्त्री एकोणीस वर्षांची आणि पुरुष एकवीस वर्षांचा होईतो संबंध नाही. मग जोडी जमवतं ते प्रेमाचं खातं. लठ्ठाला कृश, तापटाला शांत. विद्वानांची शक्ती विचारात खर्च होते, म्हणून त्यांना उत्साही, देखण्या स्त्रिया. रात्र आणि घटिका वैद्य आणि ज्योतिषी ठरवतात. स्त्रियांची दृष्टी पडावी म्हणून थोर पुरुषांचे पुतळे ठेवलेले असतात. आई दोन वर्षं अंगावर पाजते, आणि मग मूल नगराचं होतं. त्याचं नाव होह ठेवतो, अंगलटीवरून: सुंदर, नाकाड, जाडपाया. जी स्त्री चेहरा रंगवेल किंवा उंच दिसण्यासाठी उंच टाचांचे जोडे घालेल, तिला देहदंड. हे वाचताना मन विटतं, आणि विटायलाच हवं. माणसाचा गोठा करून ठेवलाय इथं.

पण हे त्यानं का रचलं, ते पाहायला हवं. घर, बायको, मूल माझं म्हटलं की मुलाला धन आणि पद देण्याची हाव सुटते आणि माणूस नगराचा लुटारू होतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून बापच कळता कामा नये. आता पुन्हा आठवा, ही माणसं भारतातून आलीत. पौरोहित्य जन्मानं मिळण्याची रीत ज्या भूमीत घट्ट रुजली, तिथून आलेल्या लोकांच्या नगरात मुख्य पुरोहिताला आपला मुलगा कोण हेच ठाऊक नाही. गादी द्यायची म्हटली तरी देणार कुणाला? वंशाची उतरंड मोडायला काम्पानेल्लाला एकच हत्यार सापडलं, आणि त्यानं कुटुंबच मुळासकट उपटलं. त्याचं निदान मला खरं वाटतं. उपचार भयंकर वाटतो.

होहच्या सत्तेचं आणखी एक साधन आहे: कान. लोक आपली पापं अधिकाऱ्यांना सांगतात. अधिकारी लोकांची आणि स्वतःची पापं पोन, सिन आणि मोर या तिघांना सांगतात, नावं न घेता, आणि ते तिघं होहला. अशा रीतीनं नगरात कोणता दोष पसरतोय ते त्याला कळतं. मग तो देवळात सगळ्यांच्या वतीनं पापं उच्चारून क्षमा मागतो, आणि विचारतो, नगरासाठी स्वतःचा बळी द्यायला कोण तयार आहे? उत्तमातला उत्तम माणूस पुढं येतो. त्याला चौकोनी फळीवर बसवून दोरांनी घुमटापर्यंत चढवतात. त्याला मारत मात्र नाहीत. वीस-तीस दिवस थोड्याशा अन्नावर तो तिथंच प्रार्थना करतो, आणि देव प्रसन्न झाला असं मानलं की बहुधा पुरोहित होतो. असा बळी जगाच्या इतिहासात आणखी कुणी मागितला असेल का, मला माहीत नाही.

कायदे थोडके, देवळाच्या दाराशी धातूच्या पत्र्यावर कोरलेले. जल्लाद नाही, मरणाची शिक्षा लोकांनीच अमलात आणायची, आणि आरोपीला ती पटेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. नगरात तुरुंग नाही. बंडखोर शत्रूंसाठी एखादा बुरूज, एवढंच. तुरुंगात बसलेल्या माणसानं ही ओळ लिहिताना हात किती वेळ थांबवला असेल!

पुस्तक लॅटिनमध्ये छापलं गेलं ते १६२३ साली, फ्रँकफुर्टमध्ये. काम्पानेल्ला १६२६ मध्ये नेपल्समधून सुटला, मग रोममध्ये धर्मन्यायालयाच्या ताब्यात राहिला. तिथं १६२८ मध्ये एक विलक्षण घटना घडली. ग्रहणं पोप आठवे अर्बन यांचा जीव घेणार अशी भाकितं पसरली होती. काम्पानेल्लानं पोपसह एका बंद खोलीत विधी केला: पांढरी वस्त्रं टांगली, सुगंध शिंपडले, सूर्य-चंद्रांसाठी दोन ज्योती आणि पाच ग्रहांसाठी पाच मशाली लावल्या. सूर्यनगरीच्या देवळातले सात दिवे ख्रिस्ती जगाच्या मुख्य पुरोहितासमोर खरोखर पेटले होते.

१६३४ मध्ये त्याला फ्रान्सला पळावं लागलं. पॅरिसमध्ये त्यानं सूर्यनगरी पुन्हा छापली, आणि फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याला ती प्रत्यक्ष बांधण्याचं सुचवलं. ५ सप्टेंबर १६३८ रोजी फ्रान्सच्या राजाला मुलगा झाला. त्याच दिवशी काम्पानेल्ला सत्तर वर्षांचा झाला. त्यानं त्या बाळासाठी लॅटिन कविता लिहिली, आणि हाच राजपुत्र सूर्यनगरी प्रत्यक्षात आणेल अशी आशा तिच्यात गुंफली. २१ मे १६३९ रोजी काम्पानेल्ला वारला. चार वर्षांनी, १६४३ मध्ये, ते चार वर्षांचं मूल केवळ बापाचा मुलगा म्हणून गादीवर बसलं. तोच चौदावा लुई, ज्याला फ्रान्स पुढं सूर्यराजा म्हणू लागला.