चाकाचा तिसरा आकडा

नवी अलॉय व्हील बसवली, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंटही झालं; तरी द्रुतगती मार्गावर काटा नव्वदच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागतं. मालक पुन्हा टायरवाल्याकडे जातो, पुन्हा बॅलन्सिंग होतं, मशीन शून्य दाखवतं. अशा वेळी एकदा चाक आणि हब यांचा जोड तपासायला हवा.

चाक घेताना रिमचा इंच आणि पीसीडी, म्हणजे नटांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, हमखास विचारला जातो. राहून जातो तो सेंटर बोअर, म्हणजे चाकाच्या मधल्या मोठ्या छिद्राचा व्यास. हबवर मधोमध एक गोल उंचवटा असतो. कंपनीच्या चाकाचं छिद्र त्यावर नेमकं बसतं आणि चाक आपोआप केंद्रात येतं. स्विफ्टचा हा आकडा 54.1 मिलिमीटर, होंडा सिटीचा 56.1, फोक्सवॅगन पोलोचा 57.1. बाजारातली चाकं मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून बोअर मोठा ठेवतात, 73.1 हा त्यातला नेहमीचा आकडा. असं चाक स्विफ्टला लावलं, तर उंचवट्याभोवती साडेनऊ मिलिमीटरची पोकळी राहते आणि चाक मधोमध आणण्याचं काम एकट्या नटांवर येतं. काळजीपूर्वक आवळले तर तेही जमतं. पण एकच नट आधी गच्च केला, की चाक केसभर सरकून तिथेच अडकतं.

केसभर म्हणजे 0.3 मिलिमीटर धरू आणि टायरसह चाकाचं वजन 16 किलो. ताशी 100 किलोमीटरला हे चाक सेकंदाला सुमारे 15 फेरे घेतं आणि हबला साधारण 4 किलो वजनाइतक्या जोराने ओढत राहतं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी 40 ला तो जेमतेम एक षष्ठांश असतो आणि शहरात काहीच जाणवत नाही. बॅलन्सिंग मशीनलाही तो दिसत नाही, कारण तिथे शंकू घालून चाक त्याच्या स्वतःच्या बोअरमध्ये धरलेलं असतं.

यावर उपाय स्वस्त आहे: बाहेरून 73.1 आणि आतून 54.1 व्यासाची हब रिंग. रिंग नसली तर सगळा भार नटांवर येऊन ते तुटतात, असं सांगितलं जातं. ते बरोबर नाही. घट्ट आवळलेल्या नटांमुळे चाक आणि हब एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातलं घर्षण भार पेलतं. रिंग फक्त केंद्र राखते, म्हणून चांगल्या प्लास्टिकचीही चालते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर मी तीच घेईन. ॲल्युमिनियमची रिंग गंजून हबला चिकटते.

उलट, बोअर हबपेक्षा लहान असेल तर नटांच्या जोरावर चाक आत ओढू नका. ते हबला सपाट टेकतच नाही, आणि अशी गाडी चालवणं जिवावर बेतू शकतं.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून हा तिसरा आकडा मागून घ्या आणि हब व्हर्नियरने मोजून घ्या. चाक चढवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, गाडी जॅकवर असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, आणि शेवटचा ताण गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचनेच द्या.