‘बाहुली’ आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ : एका संज्ञेची घडण

वस्तूला नाव कोणते द्यावयाचे, हा प्रश्न व्यवहारात सामान्यतः गौण मानला जातो. नाव बदलले तरी वस्तू तीच राहते, अशी समजूत त्यामागे असते. परंतु वस्तूचा ग्राहक कोण, तिच्यावर कर किती आणि तिची किंमत काय, या गोष्टी जेव्हा नावावर अवलंबून राहतात, तेव्हा ही समजूत टिकत नाही. अमेरिकेत १९६४ पासून रूढ होत गेलेली ‘अ‍ॅक्शन फिगर’ ही संज्ञा याचे चांगले उदाहरण आहे. चित्रकथा, चित्रपट व दूरचित्रवाणी यांतील वीरांच्या, सांधे हलविता येतील अशा लहान प्रतिमांना हे नाव आहे. अशा प्रतिमा जमविणाऱ्या प्रौढ माणसांचा मोठा वर्ग आज जगभर असून ‘कॉमिक कॉन’ या नावाने भरणारे मेळावे हे त्याच्या भेटीचे व खरेदी-विक्रीचे एक प्रमुख ठिकाण होय. ही संज्ञा कशी घडली, तिच्याभोवती कोणते वाद झाले आणि संग्राहकांची स्वतंत्र बोली कशी तयार झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

१९५९ साली मॅटेल या अमेरिकन कंपनीने ‘बार्बी’ ही बाहुली बाजारात आणली. तिच्या यशाचे व्यापारी रहस्य साधे होते. बाहुली एकदाच विकली जाते. तिचे कपडे व साजसामान मात्र पुन:पुन्हा विकत घेतले जाते. हेच तत्त्व मुलग्यांच्या खेळण्यांना लावावे, या विचारातून हॅस्ब्रो या कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे बारा इंच उंचीचा सैनिक तयार केला. त्याचे सांधे हलत असत, आणि गणवेश, शस्त्रे व इतर साहित्य वेगळे विकत मिळत असे. रचनेच्या दृष्टीने ही बाहुलीच होती. अडचण होती ती ‘डॉल’ या शब्दाची.

इंग्रजीतील ‘डॉल’ हा शब्द मुळात ‘डॉरोथी’ या स्त्रीनामाचे लाडके रूप आहे. खेळण्याच्या अर्थाने तो सुमारे १७०० च्या सुमारास रूढ झाला. त्यापूर्वी तो प्रेयसी, लाडकी स्त्री अशा अर्थाने वापरात होता. म्हणजे या शब्दाच्या मुळातच स्त्रीत्वाची छटा आहे. मुलगा ‘डॉल’ घेऊन खेळतो, हे तत्कालीन अमेरिकन पालकांना रुचणारे नव्हते. मुलग्यांनाही ते लाजिरवाणे वाटले असते. म्हणून विक्रेत्यांनी हा शब्द उच्चारू नये असा आग्रह कंपनीने धरला आणि त्याच्या जागी ‘अ‍ॅक्शन फिगर’ ही जोडसंज्ञा योजिली.

या संज्ञेतील दोन घटकांचे कार्य वेगवेगळे आहे. ‘फिगर’ हा जुना, तटस्थ शब्द. शिसे किंवा कथिल यांच्या ओतीव सैनिकांनाही तो लावीत असत. नवे कार्य ‘अ‍ॅक्शन’ या विशेषणाने साधले. बाहुलीला नटवावयाचे, निजवावयाचे, कुशीत घ्यावयाचे. ही प्रतिमा मात्र स्वतः काही करणारी, धावणारी, लढणारी आहे, असे ते विशेषण सुचविते. वस्तुतः दोन्ही सारख्याच निर्जीव, आणि दोन्हींना हलविणारा हात मुलाचाच. तथापि कर्तृत्वाचा भास या एका शब्दाने निर्माण केला व वस्तूला नवा ग्राहकवर्ग मिळवून दिला. सौम्य शब्द योजून अप्रिय अर्थ झाकणे ही भाषेतील नेहमीची प्रक्रिया आहे. येथील विशेष एवढाच, की ही प्रक्रिया समाजात हळूहळू न घडता एका विक्री-विभागाने ठरवून घडविली, आणि ती यशस्वी झाली.

या संज्ञेला पुढे चित्रपटसृष्टीचे बळ मिळाले. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट प्रकाशित झाला. त्याची खेळणी बनविण्याचा परवाना असलेल्या केनर कंपनीला नाताळपर्यंत प्रतिमा तयार करता आल्या नाहीत. तेव्हा तिने चक्क प्रतिमांविना पुठ्ठ्याची वेष्टने विकली. त्यांत एक प्रमाणपत्र असे. ते भरून पाठविले की पुढील वर्षी चार प्रतिमा टपालाने घरी येत. मुलांनी वस्तूच्या आधी तिचे नाव व चित्र विकत घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. या प्रतिमा पावणेचार इंचांच्या होत्या. आकार लहान असल्यामुळे त्यांच्या मापाची याने व वाहनेही बनविणे शक्य झाले. पुढे हाच आकार अनेक मालिकांनी स्वीकारला. १९८२ साली नव्याने आलेला ‘जी. आय. जो’ही याच मापाचा होता.

२

विक्रेत्याने दिलेले नाव ग्राहकाने मान्य केले, तरी राज्यसंस्थेने ते मान्य करावे असे नाही. अमेरिकेच्या जकात खात्यापुढे हा प्रश्न दोनदा महत्त्वाच्या स्वरूपात आला, आणि दोन्ही वेळा तो मुख्यतः शब्दार्थाचा प्रश्न होता.

पहिल्या प्रकरणात, आयात केलेल्या ‘जी. आय. जो’ प्रतिमा ‘डॉल’ नव्हेत, असे हॅस्ब्रोचे म्हणणे होते. १९८९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते फेटाळले. मनुष्याकृती असलेले खेळणे ही बाहुलीच होय. जाहिरातीत तिला काहीही म्हटले तरी कायद्याच्या दृष्टीने फरक पडत नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ होता. अशा रीतीने पंचवीस वर्षे जो शब्द कटाक्षाने टाळला, तोच न्यायालयाने पुन्हा चिकटविला.

दुसरे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. नव्या जकात-अनुसूचीनुसार मानवाचे प्रतिरूप असलेल्या बाहुलीवर १२ टक्के, तर मानवेतर प्राण्यांचे प्रतिरूप असलेल्या खेळण्यावर ६.८ टक्के कर होता. ‘टॉय बिझ’ या कंपनीने ‘एक्स-मेन’ व इतर मार्व्हल चित्रकथांतील पात्रांच्या प्रतिमा आयात केल्या होत्या. ही पात्रे माणसे नव्हेत, सबब त्यांच्यावर कमी कर बसावा, असा दावा तिने केला. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले यांनी प्रत्यक्ष प्रतिमा तपासून जानेवारी २००३ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नखे, पंख, अमानुष सामर्थ्य अशी लक्षणे धारण करणारी ही पात्रे मानवाहून काही निराळी आहेत, असे त्यांनी ठरविले.

या निकालाने वाचकवर्गात जी अस्वस्थता उत्पन्न झाली, तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये निर्माण केलेल्या ‘एक्स-मेन’च्या कथेचा गाभाच असा, की जन्मतः वेगळी शक्ती लाभलेल्या काही व्यक्तींना समाज माणूस मानावयास तयार नाही आणि त्या मात्र आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी झगडत आहेत. ज्या वाचकांनी पिढ्यान्पिढ्या या पात्रांची बाजू घेतली, त्यांना मार्व्हलशी संलग्न असलेल्या कंपनीनेच न्यायालयात ती पात्रे माणसे नसल्याचा युक्तिवाद करावा, हे खटकले. कथेतील सर्वांत मोठा प्रश्न जकातीच्या सुमारे पाच टक्क्यांसाठी निकालात निघाला. शब्दाचा कोशगत अर्थ, कायद्यातील अर्थ आणि वाचकाच्या मनातील अर्थ हे तीन निरनिराळे असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा सापडणार नाही.

३

‘कॉमिक कॉन’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे. विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले. त्यापुढील वर्षी शिकागो येथे भरलेल्या संमेलनाला ‘शिकॉन’ म्हटले गेले. ‘कन्व्हेन्शन’ या शब्दाचा पहिला अवयव अशा रीतीने तुटून निघाला आणि प्रत्ययासारखा कोणत्याही नामाला लागू लागला. चित्रकथांच्या वाचकांचा मेळावा न्यूयॉर्कमध्ये जुलै १९६४ मध्ये, म्हणजे ‘अ‍ॅक्शन फिगर’ ही संज्ञा जन्मली त्याच वर्षी, भरला. सॅन डिएगो येथे मार्च १९७० मध्ये एक दिवसाचा, व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा मेळावा झाला. ऑगस्टच्या मेळाव्यास सुमारे ३०० माणसे होती. अलीकडच्या काळात ही संख्या सव्वा लाखाच्या वर गेली आहे. जपानमध्ये १९७५ साली टोकियो येथे ३२ गटांनी सुरू केलेले ‘कॉमिकेट’ ही या परंपरेची स्वतंत्र शाखा होय. तेथे वाचकांनी स्वतः रचलेल्या चित्रकथांना प्रमुख स्थान आहे. भारतात पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भरले, आणि त्यानंतर मुंबईसह अन्य शहरांतही ते भरू लागले.

आता ‘कॉमिक कॉन’ हे सामान्यनाम की विशेषनाम, असा प्रश्न उपस्थित होतो. सॉल्ट लेक सिटी येथील आयोजकांनी आपल्या मेळाव्याला हे नाव दिले, तेव्हा सॅन डिएगोच्या संस्थेने दावा लावला. सर्वत्र वापरला जाणारा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असा प्रतिवाद होता. डिसेंबर २०१७ मध्ये ज्यूरीने नाव सॅन डिएगोच्या संस्थेचेच असल्याचे मान्य केले. नुकसानभरपाई मात्र केवळ २० हजार डॉलर ठरविली. प्रकरण पुढे अपील न्यायालयातही गेले. भाषेच्या अभ्यासकाला येथे एवढेच नोंदविता येईल, की शब्दाचे सामान्यीकरण बोलणाऱ्यांच्या मुखी आधीच झालेले असते. न्यायालय त्याची केवळ मालकी ठरविते.

४

मेळाव्यांमुळे संग्राहक एकत्र आले, आणि जेथे समव्यवसायी माणसे एकत्र येतात तेथे बोली निर्माण होते. या बोलीतील बहुतेक शब्द इतर क्षेत्रांतून उसने घेतलेले आहेत. वेष्टनातील अस्पर्शित प्रतिमेला ‘मिंट’ म्हणतात. हा नाणेसंग्राहकांचा, म्हणजे मुळात टांकसाळीचा, शब्द आहे. वेष्टन काढलेली ती ‘लूज’. मेळाव्यातील मर्यादित प्रती घेऊन त्या चढ्या भावाने विकणारा तो ‘स्काल्पर’. हा शब्द तिकिटांच्या काळ्या बाजारातून आला. दीर्घकाळ शोधूनही न मिळालेली प्रतिमा ती ‘ग्रेल’. येथे ख्रिस्ती आख्यायिकेतील पवित्र चषकाचा संदर्भ आहे. नाणे, तिकीट व चषक या तिघांचे शब्दभांडार एका खेळण्याला लाभले, यावरून त्याचे स्थान किती बदलले हे दिसून येते.

काही शब्द मात्र या क्षेत्राचे स्वतःचे आहेत. केनरच्या पहिल्या बारा प्रतिमांच्या पुठ्ठ्यामागे बाराच चित्रे छापलेली होती. पुढे प्रतिमा वाढल्या तशी चित्रेही वाढली. म्हणून आरंभीच्या नगाला ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात. येथे प्रतिमेचे वर्गीकरण तिच्यावरून न होता तिच्या वेष्टनावरून होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मुलाने जो पुठ्ठा फाडून फेकून द्यावयाचा, तोच संग्राहकाच्या लेखी मोलाचा. ‘जावा’ या पात्राचा अंगरखा आरंभी प्लॅस्टिकचा होता. तो स्वस्त दिसतो म्हणून लवकरच कापडाचा केला गेला. आज तो प्लॅस्टिकचा अंगरखाच दुर्मिळ मानला जातो, व त्याच्या नकलाही होतात. ‘बोबा फेट’ या पात्राच्या पाठीवरून क्षेपणास्त्र सुटावे अशी योजना १९७९ मध्ये जाहीर झाली होती. परंतु दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच खेळण्याने एका बालकाचा मृत्यू ओढवल्यामुळे ती मागे घेण्यात आली, आणि क्षेपणास्त्र घट्ट बसविलेली प्रतिमा मुलांना पाठविली गेली. त्या रद्द झालेल्या रचनेच्या चाचणी-नमुन्यांपैकी एकाला २०२४ च्या लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. जे खेळणे कोणाही मुलाच्या हाती कधीच गेले नाही, ते सर्वांत महाग ठरले.

५

मराठीच्या दृष्टीने या विषयाकडे पाहिले असता काही गोष्टी ध्यानात येतात. इंग्रजीस जी अडचण पडली ती मराठीस लिंगव्यवस्थेमुळे पडावयास नको होती; कारण येथे ‘बाहुली’बरोबर ‘बाहुला’ही आहे आणि भातुकलीत दोघांचे लग्नही लागते. परंतु नपुंसकलिंगी ‘बाहुले’ या रूपाला परतंत्रतेची छटा आहे. दुसऱ्याच्या तंत्राने चालणाऱ्यास आपण ‘हातचे बाहुले’ म्हणतो. ‘अ‍ॅक्शन’ या विशेषणाने जो अर्थ दूर सारला, तोच या शब्दात मुरलेला आहे. त्यामुळे मराठी भाषक मूळ इंग्रजी संज्ञाच वापरतात. मौज अशी, की मराठीत ‘फिगर’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. मुलग्यांसाठी स्त्रीत्वाचा संबंध तोडून घडविलेली संज्ञा मराठीत येताच ‘ती’ झाली.

वीरांच्या लहान प्रतिमा मराठी मुलांना नव्या नाहीत. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर शिवाजी महाराज व मावळे मांडण्याची प्रथा आहे. या मातीच्या प्रतिमांना पुण्याकडे ‘चित्रे’ म्हणतात. त्यांना ‘बाहुल्या’ कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठीनेही वीरप्रतिमेसाठी वेगळा शब्द योजिलाच. फरक इतकाच, की तो कोणा कंपनीने घडविला नाही. औद्योगिक निर्मितीच्या बाबतीतही एक दुवा आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूल या कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने ‘जी. आय. जो’ प्रतिमा भारतात बनविल्या. तिचा एक कारखाना गोव्यात आहे. मूळ नगांहून निराळे रंग असलेल्या या प्रतिमा परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात, आणि त्यांच्या बोलीत ‘फनस्कूल’ हे एका प्रकाराचेच नाव झाले आहे.

किल्ल्यावरील मावळ्याचा हात मोडला तरी तो पुढील वर्षी पुन्हा बुरुजावर उभा राहतो. मोडल्याने त्याचे मोल उणे होत नाही, कारण ते खेळातच असते. संग्राहकाच्या कपाटातील प्रतिमेचे मोल तिला कोणाचा हात लागला नाही यावर ठरते. एका टोकाला खेळणे व दुसऱ्या टोकाला वस्तू, या दोहोंमधील अंतर ‘अ‍ॅक्शन फिगर’ या एकाच संज्ञेने साठ वर्षांत काटले. तिच्यातील ‘अ‍ॅक्शन’ हे पद मात्र, वेष्टन न फोडलेल्या प्रतिमेच्या बाबतीत, आता केवळ नावापुरते उरले आहे.