ज्वारीचा हमीभाव आणि कडब्याचा हिशेब

सोलापूर, अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांत रब्बी ज्वारी करणारा शेतकरी कोणत्याही नव्या योजनेची पारख दोन ठिकाणी करतो; एक खळ्यावर व दुसरी गोठ्यात. धोरण ठरविताना गोठ्याचा विचार बहुधा मागे पडतो.

सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली प्रसारित झाला. शेतकऱ्यांनी संकरित ज्वारी नाकारली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरिपात ती झपाट्याने पसरली, कारण ती लवकर येई व खताला चांगली साथ देई. परंतु लवकर पक्व झालेली कणसे भाद्रपदाच्या पावसात सापडत व दाणा काळा पडे. अशा मालास व्यापारी भाव देईना, आणि बुटक्या ताटांमुळे वैरणही कमी पडे. पुढे सोयाबीनचा पर्याय मिळताच मराठवाड्यातील व विदर्भातील पुष्कळ शेतकऱ्यांनी खरीप ज्वारी सोडली.

रब्बीत मात्र मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ अद्याप टिकून आहे. तिचा दाणा टपोरा, भाकरी गोड आणि कडबा उंच व जनावरांना रुचणारा. सन २०२४-२५ साठी केंद्र शासनाने संकरित ज्वारीस क्विंटलला ३,३७१ रुपये व मालदांडीस ३,४२१ रुपये आधारभूत किंमत ठरविली. पन्नास रुपयांचा हा फरक दाण्याच्या गुणाला पुरेसा न्याय देत नाही; कडब्याला तर आधारभूत किंमतच नाही. दुष्काळी वर्षात जनावरे जगतात ती मात्र त्याच कडब्यावर.

दुसरी गोष्ट शिधावाटपाची. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन व तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. गरिबाच्या घरी त्याने मोठा आधार झाला, हे खरेच. पण घरी खाण्यासाठी म्हणून ज्वारी पेरण्याची निकड त्यामुळे कमी झाली. काढणीस ज्वारी हाताने उपटावी लागते व त्यासाठी मजूर मिळत नाहीत, हीही अडचण आहेच.

म्हणून नवा वाण सुचविताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दावणीला किती जनावरे आहेत, हे प्रथम विचारावे. त्यानंतर जमीन पाहून हलकीस फुले अनुराधा, मध्यमीस फुले सुचित्रा व भारीस फुले वसुधा सुचवावी. पीक प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत दाण्याच्या वजनाशेजारी वाळलेल्या कडब्याचे वजनही लिहावे, आणि शेजारच्या मालदांडीच्या शेतातील दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच शेतकऱ्यांसमक्ष घ्यावीत.