बसऱ्याचे काका



प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो की ज्याचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलतात. आमच्या घरात ते होते 'बसऱ्याचे काका'. आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ. आजोबा त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही काकाच म्हणायचो. त्यांच्याबद्दल माहिती एका वाक्याची : "पलटणीत गेला, बसऱ्याला गेला आणि तिकडूनच पळाला." फोटो नाही, पत्र नाही, भिंतीवर हार नाही.

आम्ही म्हणजे दोघं चुलत भाऊ-बहीण. एक इथे लंडनजवळ, एक पुण्यात. दोघंही इंजिनिअर, दोघंही तिशीतले, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग शोधणारे. तीन वर्षांपूर्वी पितृपक्षात सहज विषय निघाला आणि आम्ही ठरवलं, की हा घरातला बग शोधायचाच. शोध कसा घेतला ते इथे सविस्तर लिहितो आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे काका किंवा काकू असतील, त्यांना उपयोग होईल.

सुरुवात घरातून

पहिला धडा म्हणजे कॉम्प्युटर उघडायच्या आधी फोन उचलायचा. ऐंशीच्या पुढची जी मंडळी हयात आहेत त्यांच्याशी आधी बोलावं, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णा आजोबा, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, काका 'एकशेदहा नंबरच्या' पलटणीत होते. दोन, काकांचं लग्न झालेलं होतं. ही दुसरी गोष्ट आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकली! आत्या मात्र रागावली. "कशाला उकरून काढताय? ज्याचं त्याच्याबरोबर गेलं," म्हणाली.

कुलवृत्तांतात पाहिलं. तिथे काकांच्या नावापुढे 'निःसंतान' एवढाच शब्द आणि वंशवेलीची फांदी तिथेच तुटलेली. पत्नीचं नाव नाही. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडच्या वहीत (या वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात, त्यामुळे आपलं मूळ गाव ठाऊक हवं) पणजोबांची सही सापडली, खाली भावाचं नाव होतं, पण काकूंचं तिथेही नाही. जुन्या वंशावळींत बायका अशाच हरवतात, हे पुढच्या शोधात सतत जाणवत राहिलं.

पलटण म्हणजे पत्ता

'एकशेदहा नंबर' म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९२२ च्या फेररचनेत तिची पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. बेळगावला केंद्र असलेली आजची मराठा लाइट इन्फन्ट्री ती हीच परंपरा. पहिल्या महायुद्धात ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. १०३ वी आणि ११७ वी या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या.

डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. रेशन उतरत उतरत मूठभरावर आलं. घोडे कापायची वेळ आली, पण बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं, आणि ताज्या भाजीअभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. शेवटी विमानातून धान्याची पोती टाकली, तीही पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून मोसुलमार्गे उत्तरेला चालवत नेलं आणि बऱ्याच जणांना रस-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला लावलं. रेडक्रॉसची त्या काळची कैद्यांची कार्डं आणि याद्या २०१४ पासून इंटरनेटवर बघता येतात. काकांचं नाव आम्ही आधी तिथेच शोधलं. नव्हतं.

मग इथे क्यू येथील नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये गेलो. पलटणींच्या युद्धडायऱ्या तिथे आहेत. रीडर्स तिकीट मोफत मिळतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. या डायऱ्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे बहुधा आकडे. 'आज इतके ठार, इतके जखमी.' त्या इतक्यांतला आपला कोण, ते डायरी सांगत नाही.

नाव सापडलं ते असं

नाव सांगते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी. दोन्ही महायुद्धांतले सुमारे १७ लाख मृत तिच्यात आहेत आणि ती घरबसल्या फुकट बघता येते. पण आपली नावं त्या काळच्या कारकुनाने कानाला जशी लागली तशी इंग्रजीत उतरवली आहेत. जाधवचं जादव, जाधो, यादव काहीही झालेलं असतं. कधी आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. तेव्हा शोधताना आडनावाचा हट्ट सोडा. पलटण, वर्ष आणि जिल्हा घाला, येईल ती यादी एका शीटमध्ये उतरवून घ्या आणि बापाचं नाव व गाव बघत एकेक ओळ वाचा. आम्ही स्पेलिंगच्या सगळ्या शक्यता काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. खरं सांगायचं तर त्याने काही झालं नाही, डोळ्यांनी वाचूनच झालं. गावाच्या बाबतीतही सावध राहा. आमचा तालुका साताऱ्याचा कोरेगाव. पुणे जिल्ह्यातही कोरेगाव आहे, त्यात आमचे दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी रात्री ती ओळ सापडली. नाव अर्धंमुर्धं, पण बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, जिल्हा सातारा. मृत्यू एप्रिल १९१६, म्हणजे शरणागतीच्या काही दिवस आधी, वेढ्यातच. स्मारक : बसरा मेमोरियल.

पुण्याला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. फोन लावला. दोघांनाही बराच वेळ बोलता येईना. शंभर वर्षं ज्यांना घर पळपुटा म्हणत होतं, ते जागेवरच गेले होते.

बसरा मेमोरियलवर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. हे सगळे मेसोपोटेमियात गेलेले आणि कबर न सापडलेले. पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक बसऱ्याच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं गेलं. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच चौकशी अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. म्हणून एक लक्षात ठेवा, स्मारकावर नाव नाही याचा अर्थ कागदावर नाही असा होत नाही.

मग 'पळाला' हे आलं कुठून?

इथे खरं तर लेख संपायला हवा होता. पण बग सापडला तरी तो आला कसा हे कळल्याशिवाय फाइल बंद करायची नसते.

पुण्याच्या अर्ध्या भागाने आता गावचे कागद काढले. आपल्याकडे तीन ठिकाणी बघावं. एक, शाळेचं जनरल रजिस्टर. दोन, जन्ममृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक, म्हणजे त्या काळचा गाव नमुना १४. तीन, फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. जुने कागद बहुधा मोडीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे मोडी व्यवहारात होती. २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये आली हे खरं, पण हाताने लिहिलेली मोडी वाचायला मोडी जाणणारं माणूसच लागतं. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत अशी दप्तरं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली आहेत, त्याचा फायदा घ्या. तारखेत शके असेल तर ७८ आणि फसली असेल तर ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल येतं.

फेरफार १९१९ सालचा निघाला. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी तो शांतपणे वाचून दाखवला. धाकटा भाऊ लढाईवर मयत, संतती नाही, सबब नाव कमी करून थोरल्या भावाचं नाव कायम. खाली आमच्या पणजोबांची सही. तीच, नाशिकच्या वहीतली.

म्हणजे पणजोबांना ठाऊक होतं.

कायद्याने त्यात गैर काही नव्हतं. १९३७ च्या कायद्यापूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा मिळत नसे. पण अन्नवस्त्राचा हक्क होता. तो द्यायला ती आधी विधवा ठरायला हवी होती.

काकूंचं माहेर अण्णा आजोबांना अंधुक आठवत होतं. तिथे गेलो. काकूंच्या भावाचे नातू भेटले, चहा झाला, आणि त्यांनीच सांगायला सुरुवात केली. "आत्याआजी माझ्या लहानपणी होत्या, १९५८ साली गेल्या. कुंकू शेवटपर्यंत लावायच्या, वटपौर्णिमा करायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, ते बसऱ्याला आहेत."

सासरहून त्यांना काय सांगून पाठवलं होतं, ते आता आमच्या लक्षात आलं. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर आमचे आजोबा शिकले, त्यात काकांचा हिस्सा होता. त्या शिक्षणाच्या पुढच्या पायऱ्यांवरूनच आम्ही आज इथे लंडनला येऊन बसलो आहोत. पणजोबांचा न्याय आम्ही करत नाही. प्लेग, दुष्काळ, १९१८ चा तापाचा फेरा, त्यांनी काय काय पाहिलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण कागद समोर असताना 'पळाला' हे वाक्य पुढच्या पिढीला देणं आमच्याने होणार नाही.

अण्णा आजोबांना सांगावं की नाही यावर आमचं चांगलंच भांडण झालं. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वंशावळीत तिचं नाव घाला आधी." या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला त्यांनी स्वतः दोघांच्या नावाने पान वाढलं. पान वाढायला सगळ्यांत पुढे आत्या होती.

दोघांची नावं इथे मुद्दाम छापत नाही, ती घरच्यांची ठेव आहे. पण कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतीत 'निःसंतान' शब्दाच्या शेजारी आता दोन नावं, दोन तारखा आणि दोन गावं हाताने लिहिलेली आहेत.

तुमच्याही घरात कुणाच्या नावापुढे रिकामी जागा असेल, तर या रविवारी भारतात फोन लावा आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला एवढंच विचारा : "त्यांचं लग्न झालं होतं का?"