कॅनडातील शिक्षणानंतरचे वर्क परमिट : पात्रता ठरते प्रवेशाच्याच वेळी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांत गेल्या काही वर्षांत कॅनडाचे नाव आवर्जून घेतले जाते. शिक्षणाचा दर्जा हे त्याचे एक कारण आहेच. पण शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याच देशात काही वर्षे नोकरी करण्याची मिळणारी मुभा हे त्याहून मोठे कारण आहे. बँकेचे शैक्षणिक कर्ज, आई-वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, प्रसंगी तारण ठेवलेले घर या साऱ्यांचा हिशेब बहुधा या एका गृहीतावर उभा असतो, की मुलगा किंवा मुलगी तेथे कमावू लागेल आणि कर्ज फिटेल. मात्र ही मुभा पदवीच्या प्रमाणपत्रासोबत आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तिचे स्वतंत्र निकष आहेत आणि २०२४ पासून ते बरेच कडक झाले आहेत. यातील अनेक निकषांचा निकाल विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वीच लागलेला असतो. म्हणूनच हा विषय शिक्षण संपताना नव्हे, तर प्रवेश घेताना समजून घेणे आवश्यक आहे.

परवान्याचे स्वरूप

या परवान्याला ‘पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट’, म्हणजेच संक्षेपाने ‘पीजीडब्ल्यूपी’ म्हणतात. २००८ पासून तो ‘खुल्या’ स्वरूपात दिला जातो. खुला याचा अर्थ असा, की तो कोणत्याही एका मालकाशी किंवा एका हुद्द्याशी बांधलेला नसतो. अर्ज करताना हातात नोकरी असण्याचीही अट नाही. नोकरी बदलता येते, शहर बदलता येते, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाता येते. नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर देशातील वास्तव्य अवलंबून नसणे हा त्याचा मोठाच लाभ आहे.

परंतु हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो. एक अभ्यासक्रम पूर्ण करून तो घेतला आणि नंतर आणखी उच्च पदवी मिळवली, तरी दुसऱ्यांदा तो मिळत नाही. त्यामुळे आठ-दहा महिन्यांच्या छोट्या अभ्यासक्रमानंतर घाईने परवाना घेऊन टाकणे पुढे महाग पडू शकते. अभ्यासक्रम किमान ८ महिन्यांचा असणे ही पात्रतेची पहिली पायरी आहे. ८ महिन्यांहून अधिक, पण २ वर्षांहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमानंतर जितका अभ्यासक्रम तितकाच परवाना मिळतो. २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळाच्या अभ्यासक्रमानंतर ३ वर्षांचा परवाना मिळतो. १५ फेब्रुवारी २०२४ पासून पदव्युत्तर ‘मास्टर्स’ पदवीधरांना मात्र खास सवलत आहे. त्यांचा अभ्यासक्रम २ वर्षांहून कमी काळाचा असला, तरी तो किमान ८ महिन्यांचा असल्यास त्यांना ३ वर्षांचा परवाना मिळू शकतो. एकापाठोपाठ दोन पात्र अभ्यासक्रम, प्रत्येकी किमान ८ महिन्यांचे, पूर्ण केले असल्यास दोन्हींची मुदत एकत्र धरली जाते. अट एवढीच, की पहिल्यानंतर परवाना घेतलेला नसावा आणि दुसरा अभ्यासक्रम पहिल्यापासून २ वर्षांच्या आत पूर्ण झालेला असावा.

सर्वच महाविद्यालये पात्र नाहीत

सर्वाधिक गफलत होते ती येथे. कॅनडात परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थांना ‘डेसिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन’ अथवा ‘डीएलआय’ म्हणतात. संस्था या यादीत आहे, तिने प्रवेशपत्र दिले आणि स्टडी परमिटही मिळाले, एवढ्यावरून वर्क परमिट मिळणारच असे अनुमान काढले जाते. ते चुकीचे आहे. यादीतील प्रत्येक संस्थेसमोर, तिचे विद्यार्थी पीजीडब्ल्यूपीसाठी पात्र ठरतात किंवा नाही, हे वेगळे नोंदवलेले असते. सार्वजनिक विद्यापीठे आणि महाविद्यालये सामान्यतः पात्र असतात. खासगी संस्थांच्या बाबतीत, प्रांताच्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थेचे पदवी अभ्यासक्रम तेवढे पात्र ठरतात. त्याच संस्थेचा पदविका अभ्यासक्रम पात्र असेलच असे नाही.

याखेरीज एक फसवा प्रकार आहे. काही सार्वजनिक महाविद्यालयांनी आपला अभ्यासक्रम खासगी संस्थांना चालवायला दिला होता. प्रमाणपत्रावर नाव सार्वजनिक महाविद्यालयाचे, वर्ग मात्र खासगी संस्थेच्या इमारतीत. अशा भागीदारीतील अभ्यासक्रमाला १५ मे २०२४ पासून प्रवेश घेणारे विद्यार्थी या परवान्यासाठी पात्र राहिलेले नाहीत. म्हणून प्रवेशपत्रावर केवळ महाविद्यालयाचे नाव पाहू नये. वर्ग नेमके कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या संस्थेत भरणार, हे लेखी विचारून घ्यावे.

शिक्षणाची पद्धतही तपासावी लागते. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम पात्र नाही आणि अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग कॅनडात, प्रत्यक्ष वर्गात पूर्ण व्हावा लागतो. भारतात बसून ऑनलाइन पूर्ण केलेला काळ परवान्याच्या मुदतीत धरला जात नाही. केवळ इंग्रजी किंवा फ्रेंच भाषा शिकवणारे वर्गही यात बसत नाहीत.

विषयाची अट

१ नोव्हेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांनी स्टडी परमिटसाठी अर्ज केला, त्यांच्यासाठी अभ्यासाचा विषयही महत्त्वाचा झाला आहे. बॅचलर, मास्टर्स आणि डॉक्टरेट या पदव्यांना विषयाचे बंधन नाही. पदविका, पदव्युत्तर पदविका, प्रमाणपत्र अशा इतर अभ्यासक्रमांना मात्र तो विषय सरकारने ठरवलेल्या यादीत असणे आवश्यक आहे. देशाला ज्या क्षेत्रांत मनुष्यबळाची दीर्घकालीन टंचाई आहे, ती क्षेत्रे या यादीत आहेत: शेती व अन्नप्रक्रिया, आरोग्यसेवा व सामाजिक सेवा, विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, कुशल कारागिरीचे व्यवसाय आणि वाहतूक. २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राचीही भर पडली.

येथे अभ्यासक्रमाच्या आकर्षक नावापेक्षा त्याचा वर्गीकरणाचा सहा अंकी संकेतांक निर्णायक ठरतो. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांत व्यवसाय व्यवस्थापन, आदरातिथ्य यांसारख्या विषयांतील पदव्युत्तर पदविका दीर्घकाळ लोकप्रिय आहेत. नेमक्या अशाच अभ्यासक्रमांना या अटीचा फटका बसला आहे. यादीही स्थिर नसते. जून २०२५ मध्ये ११९ अभ्यासक्षेत्रे नव्याने जोडण्यात आली आणि १७८ वगळण्यात येत असल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात ती वगळण्याचा निर्णय पुढे ढकलण्यात आला. त्यामुळे संस्थेकडून संकेतांक लेखी मागून घ्यावा, तो अधिकृत यादीशी ताडून पाहावा आणि स्टडी परमिटचा अर्ज केला त्या दिवसाच्या यादीची प्रत जपून ठेवावी.

भाषेची परीक्षा पुन्हा द्यावी लागते

१ नोव्हेंबर २०२४ पासून वर्क परमिटच्या अर्जासोबत भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडावा लागतो. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतली हे पुरेसे मानले जात नाही. विद्यापीठातील अभ्यासक्रम आणि बॅचलर पदवी यांसाठी कॅनडाच्या भाषामापनातील ७ वी पातळी, तर महाविद्यालयीन पदविकांसाठी ५ वी पातळी श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चारही कौशल्यांत गाठावी लागते. आयईएलटीएसच्या भाषेत सांगायचे, तर ७ वी पातळी म्हणजे चारही भागांत किमान ६ गुण. ५ व्या पातळीसाठी वाचनात ४ आणि उरलेल्या तिन्ही भागांत ५ गुण लागतात. एका भागात अधिक गुण मिळवून दुसऱ्यातील कमतरता भरून काढता येत नाही.

यातील बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रवेशासाठी विद्यार्थी सहसा आयईएलटीएसची ‘अॅकॅडमिक’ परीक्षा देतात. वर्क परमिटसाठी मात्र ‘जनरल ट्रेनिंग’ हा प्रकार लागतो. सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर या परीक्षाही चालतात. शिवाय निकाल अर्जाच्या दिवशी २ वर्षांहून जुना असता कामा नये. तेव्हा शेवटच्या सत्रातच ही परीक्षा देऊन मोकळे व्हावे. निकाल लागल्यावर परीक्षेची तारीख शोधत बसण्यात मोलाचे दिवस वाया जातात.

शिकत असताना सांभाळावयाची पथ्ये

प्रत्येक शैक्षणिक सत्रात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून नोंदणी असणे बंधनकारक आहे. अपवाद केवळ शेवटच्या सत्राचा. एखादा विषय राहिला म्हणून किंवा नोकरीला वेळ मिळावा म्हणून मधल्याच सत्रात कमी विषय घेतले, तर पुढे पदवी मिळूनही वर्क परमिट नाकारले जाऊ शकते. आजारपणासारख्या कारणाने खंड घ्यावाच लागला, तर संस्थेची रीतसर मंजुरी घ्यावी. तसा खंडही १५० दिवसांहून अधिक असू नये.

कामाच्या तासांचेही तसेच. ८ नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना संस्थेबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंत काम करता येते. त्याहून अधिक काम करणे हा परवान्याच्या अटींचा भंग ठरतो आणि त्याची झळ पुढच्या प्रत्येक अर्जाला लागू शकते. संस्था बदलायची झाल्यास त्याच तारखेपासून नवे स्टडी परमिट घेणे आवश्यक झाले आहे. पूर्वीप्रमाणे केवळ ऑनलाइन कळवून भागत नाही.

१८० दिवसांचा हिशेब

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे संस्थेने लेखी कळवल्यापासून १८० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. हे दिवस पदवीदान समारंभापासून नव्हे, तर पूर्ततेचे पत्र किंवा अंतिम गुणपत्रक मिळाल्यापासून मोजले जातात. त्याच वेळी दुसरे घड्याळही चालू असते. परमिटवर पुढची तारीख छापलेली असली, तरी अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर ९० दिवसांनी स्टडी परमिटची वैधता संपते.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीला १ मे रोजी पूर्ततेचे पत्र मिळाले. तिची १८० दिवसांची मुदत २८ ऑक्टोबरला संपेल. स्टडी परमिट मात्र ३० जुलैलाच संपेल. तिने जुलैअखेरपूर्वी अर्ज केला आणि शिकत असताना कामाच्या अटी पाळल्या असतील, तर निर्णय येईपर्यंत तिला पूर्णवेळ नोकरी करता येते. ऑगस्ट उजाडू दिला, तर अर्जाचा हक्क शिल्लक असला, तरी देशातील दर्जा पुनःस्थापित करण्याचा वेगळा अर्ज व शुल्क मागे लागते आणि निर्णय लागेपर्यंत काम करता येत नाही. अभ्यासक्रम संपल्यापासून वर्क परमिटचा अर्ज करेपर्यंतच्या मधल्या काळातही काम थांबवावे लागते. सीमेवर जाऊन हातोहात परवाना मिळवण्याची पूर्वीची वाट २१ जून २०२४ पासून बंद झाली आहे.

पासपोर्टचीही आठवण ठेवावी. त्याची मुदत संपते त्या दिवसापलीकडचा परवाना दिला जात नाही. पासपोर्टचे दीड वर्ष उरले असेल, तर परवानाही दीड वर्षाचाच मिळतो. नूतनीकरणानंतर उरलेली मुदत मागता येते, पण तो आणखी एक अर्ज आणि आणखी एक प्रतीक्षा.

परवाना मिळाला, पुढे काय?

वर्क परमिट म्हणजे कायम निवासाची हमी नव्हे, हे पालकांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावे. अनेकांचा पुढचा मार्ग ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ या योजनेतून जातो. तिच्यासाठी अर्जापूर्वीच्या ३ वर्षांत कॅनडात किमान १ वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो. दुकानातील गल्ल्यावर किंवा खाद्यपदार्थांच्या काउंटरवर केलेले काम यात धरले जात नाही. शिकत असताना केलेले काम आणि स्वयंरोजगारही नाही. ज्याच्याजवळ केवळ ८-१० महिन्यांचा परवाना आहे, त्याला १ वर्षाचा अनुभव त्या मुदतीत पुरा करताच येत नाही. अभ्यासक्रमाच्या लांबीचे महत्त्व येथे कळते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर १ वर्षाने सुरू होतात, हेही या हिशेबात धरावे.

राहता राहिला सल्लागारांचा प्रश्न. प्रवेश मिळवून देणारे अनेक एजंट संस्थेकडून दलाली घेतात. त्यांचा सल्ला संस्थेच्या बाजूने झुकलेला असणे स्वाभाविक आहे. बनावट प्रवेशपत्रांमुळे अनेक भारतीय विद्यार्थी अडचणीत आल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून पडताळून घेऊ लागले. कॅनडाच्या कायद्यानुसार शुल्क घेऊन स्थलांतरविषयक सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील, क्युबेकमधील नोटरी आणि नियामक मंडळाकडे नोंदणी असलेले सल्लागार यांसारख्या अधिकृत व्यक्तींनाच आहे. ही नोंदणी कोणालाही इंटरनेटवर तपासता येते.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. संस्था या परवान्यासाठी पात्र आहे काय? निवडलेला अभ्यासक्रम पात्र आहे काय, आणि यादीची अट लागू असल्यास त्याचा संकेतांक कोणता? वर्ग कोणाच्या आवारात भरणार? आणि अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार परवाना किती काळाचा मिळेल? यांपैकी एकाही प्रश्नाला ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर शुल्काचा धनादेश तूर्त हातातच ठेवावा आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळणी करावी. यादी तेथे विनामूल्य उपलब्ध आहे.