जुना संगणक अडतो कुठे?

संगणक रखडला की दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. खरी अडचण अनेकदा हार्ड डिस्कमध्ये असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती वाचकटोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावेच लागते. टोक सरकण्याचा वेळ वेगळाच. तेवढ्या अवधीत प्रोसेसर लाखो आकडेमोडी उरकू शकतो.

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचेच असतील, तर पहिला मान तिचा.

दुसरा उपाय माहितीच आकसवण्याचा. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत फार सुंदर आहे. मजकुरात तोच तुकडा पुन्हा आला, की तो परत लिहायचा नाही. ‘इतकी अक्षरे मागे जा, एवढी उचल’ अशी खूण ठेवायची. डिस्कवरून कमी वाचावे लागते आणि उलगडण्याचे काम प्रोसेसर झटपट करतो. २०१३ च्या ओएस एक्स मॅव्हरिक्सपासून ॲपलच्या संगणकांत रॅममधली वापरात नसलेली माहितीही दाबून ठेवली जाते; विंडोज १० मध्येही ही सोय आली. त्यामुळे डिस्ककडची धाव घटते.

जेपीईजी छायाचित्रे आणि मोबाइलवरच्या चित्रफिती मात्र आधीच आकसलेल्या असतात. त्या झिप करून जागा जवळपास वाचतच नाही.